बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला

बाळ, येत्या रविवारी तुम्ही हॉस्टेलच्या मैत्रिणी लोणावळ्याला भुशी धरणावर निघालात, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. जाऊ नको म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझं माहेर भोगावतीकाठचं. कमरेला पांगाऱ्याचा बिंडा बांधून मी नदीत पोहायला शिकले. तुझी आई सुट्टीत आजोळी यायची, तीही तिथेच शिकली. तू मात्र शहरातल्या तलावात शिकलीस. तिथे कुठे किती खोल ते भिंतीवर आकड्यांत लिहिलेलं असतं आणि शिट्टीवाला माणूस काठावर बसलेला असतो. नदीत दोन्ही नसतात. म्हणून माझ्या वडिलांनी, तुझ्या पणजोबांनी, मला जे सांगितलं ते तुला सांगते. आबांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली. बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे, घालायचे आणि काढायचे, हे त्यांचं काम. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण पाण्याबद्दल ते बोलायला लागले की साहेब लोकही थांबून ऐकायचे.

पहिली गोष्ट उंचीची. राधानगरी धरणाच्या भिंतीखाली उभं राहिलं की माणसाला आपोआप धडकी भरते, तिथे कुणी मजेत पाण्यात उतरत नाही. पुरुषभर उंचीच्या बंधाऱ्याची मात्र कुणालाच भीती वाटत नाही. वरून पाण्याची एकसारखी धार पडत असते, खाली पांढरा फेस, कडेला दगड, बसायला जागा. पोरं धारेखाली डोकं धरतात, फोटो काढतात. आबा म्हणायचे, धरणावर माणूस देवळात आल्यासारखा वागतो आणि बंधाऱ्यावर अंगणात आल्यासारखा, म्हणून बुडतो तो बंधाऱ्यावर.

मी सातवी-आठवीत असताना त्यांनी मला एक गोष्ट दाखवली होती. दिवाळी होऊन गेली होती. बरगे घालून झाले होते, वरच्या अंगाला अडवलेल्या पाण्याचा फुगवटा भरला होता आणि जादाचं पाणी बरग्यांवरून खाली सांडत होतं. पाऊस नाही, पूर नाही, आवाजही बेताचाच. आबांनी काठच्या शेतातून केळीचा एक बुंधा तोडून आणला आणि बंधाऱ्यावरून खाली टाकला. बुंधा धारेबरोबर खाली गेला, दिसेनासा झाला आणि चार हात पुढे वर आला. मला वाटलं, आता वाहून जाईल. तो गेला नाही. तो मागे सरकायला लागला, नदीच्या उलट, बंधाऱ्याकडे. धारेखाली पोचला तशी धारेने त्याला परत खाली दाबलं. परत वर आला, परत मागे, परत खाली. त्याची सोपटं सुटून फेसात फिरायला लागली. आम्ही घरी निघालो तेव्हाही बुंधा तिथेच फिरत होता. आबा म्हणाले, ‘‘ह्यो केळीचा खुंट हाय. ह्याला श्वास लागत न्हाई.’’

पुढे शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना त्याचं कारण सांगायची. वरून पडलेलं पाणी थेट तळाला जातं. तळाला आपटून ते थोडं पुढे जाऊन वर येतं. वर आलं की त्याची फाटाफूट होते. काही पाणी नदीने पुढे निघून जातं आणि काही पृष्ठभागावरून मागे, पडणाऱ्या धारेकडे वळतं. धार त्याला पुन्हा खाली घेऊन जाते. विहिरीवरच्या रहाटासारखं ते चक्र चालूच राहतं, आणि त्यात सापडलेली वस्तूही त्याच्याबरोबर फिरते. त्यात पांढरा फेस म्हणजे हवा मिसळलेलं पाणी. ते अंगाला तोलून धरत नाही, हात मारला तर हाताला नेट लागत नाही. उत्तम पोहणारा तिथे हतबल होतो, कारण त्याची पोहण्याची सगळी सवय घट्ट पाण्याची असते. डोंगरातल्या धबधब्याचा कडा वेडावाकडा असतो, कुठून तरी पाणी निसटून जातं आणि त्याच्याबरोबर माणूसही निसटू शकतो. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ बांधलेला असतो, त्यामुळे ते चक्रही काठापासून काठापर्यंत सलग असतं.

हे ओळखायचं कसं, ते सांगते. खाली उतरण्याआधी काठावर पाच मिनिटं नुसती उभी राहा आणि फेसाकडे बघ. धारेपासून काही अंतरावर पाणी खालून वर फुगून येताना दिसेल. तो उमाळा. उमाळ्याच्या अलीकडचा फेस बंधाऱ्याकडे सरकतो आणि पलीकडचा खाली वाहून जातो. प्लॅस्टिकची बाटली, चप्पल, थर्माकोलचा तुकडा असं काही एकाच जागी घुटमळताना दिसलं तर आणखी पुराव्याची गरज नाही. त्या पाण्यात घोट्याएवढं सुद्धा उतरायचं नाही. उमाळा धारेपासून किती लांब येईल ते पाणी किती पडतंय त्यावर असतं. काल जिथे मुलं खेळत होती ती जागा आज चक्राच्या आत असू शकते. गेल्या वर्षी इथेच उतरलो होतो, असं कुणी म्हणालं तर ऐकू नको.

आणि तरीही कुणी सापडलंच तर? आबा सांगायचे, वर राहण्यासाठी हातपाय झाडत बसू नको, त्यात दम संपतो. वर आल्यावर मिळेल तेवढा श्वास घ्यायचा, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, आणि पाणी खाली नेतंय तर जायचं. तळाजवळचं पाणी बंधाऱ्यापासून लांब जाणारं असतं. ते लागलं की त्याच्याबरोबर तळाने पुढे सरकायचं आणि उमाळ्याच्या पलीकडे वर यायचं. हे साधलं नाही तर भिंतीच्या कडेकडेने आडवं काठाकडे सरकायचा प्रयत्न करायचा. हे करणं फार कठीण आहे, घाबरलेल्या माणसाकडून तर होतच नाही. तरी डोक्यात असू दे.

आता वरचं अंग. लोकांना वाटतं, खाली धोका, वर तर पाणी संथ. आमच्याकडचे बंधारे म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे. नदीत ओळीने खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे. पावसाळा सरला की साधारण ऑक्टोबरात बरगे घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. काढायचं काम चालू असतं तेव्हा काही गाळे मोकळे आणि काही बंद असतात. वरून बघणाऱ्याला पाणी शांतच दिसतं, पण मोकळ्या गाळ्याच्या तोंडाशी जबरदस्त ओढ असते. हिशेब करून बघ. पाण्याची उंची दोन मीटर, आणि तळाशी अर्धा चौरस मीटर मोकळी जागा. तिथे माणूस जाऊन अडकला तर त्याच्या अंगावर जवळजवळ एक टन भार येतो. काठावरच्या चौघांनी ओढूनही तो सुटायचा नाही. बरगे काढायच्या दिवसांत आबा सकाळी गावातून सांगत फिरायचे की जनावरं आणि पोरं फुगवट्यात सोडू नका. आमच्याकडे त्या दिवसांत धुणंसुद्धा विहिरीवर व्हायचं. कुठल्याही बंधाऱ्यावर खात्याची माणसं बरग्यांशी, दारांशी काही करताना दिसली की पाण्यातून बाहेर यायचं आणि त्यांनाच विचारायचं. त्यांना बोलावंसं वाटेल अशा आदराने विचार. पूर असो, ऊन असो, ती माणसं तिथे असतात.

फुगवट्यातला दुसरा धोका उन्हाळ्याच्या सुट्टीतला. वाळू उपसून झालेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालता चालता एकाएकी पायाखालची जमीन संपते. तळाला गाळ असतो, पाय रुततो. आणि बंधाऱ्यावरून सूर मारणं तर कायमचं वर्ज्य. पायथ्याला काँक्रीटचा थर असतो, कुठे वाकलेल्या सळया, कुठे निसटलेला बरगा. खोली माहीत नसलेल्या पाण्यात डोकं खाली करून उडी मारणाऱ्याची मान मोडते, आणि वाचला तरी तो पुढचं आयुष्य अंथरुणात काढतो.

आता तुमच्या भुशीकडे येते. ते धरण इंद्रायणीवर आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलं. घाट चढायला इंजिनांना पाणी भरपूर लागायचं. इंजिनं गेली, धरण राहिलं आणि सांडव्याच्या पायऱ्यांवर बसायला सारी मुंबई आणि सारं पुणं लोटायला लागलं. तिथे काय होतं ते नीट समजून घे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आजूबाजूचे डोंगर उभे आहेत आणि तळ्याचं पाणलोट क्षेत्र लहान आहे. अशा ठिकाणी वर पडलेलं पाणी खाली यायला तास लागत नाहीत, मिनिटं पुरतात. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि डोंगरामागे ढगफुटीसारखा पाऊस चालू असेल.

30 जून 2024 हा रविवारच होता. धरणाच्या मागच्या बाजूला, जंगलातून तळ्यात उतरणाऱ्या धबधब्याच्या ओढ्यात एक कुटुंब उभं होतं. ते काही खोल पाण्यात पोहायला गेले नव्हते. वर पाऊस वाढला आणि ओढ्याचं पाणी चढत गेलं. दोन्हीकडे पाणी आणि मध्ये खडकावर एकमेकांना मिठी मारून उभी असलेली माणसं, असं ते चित्र काठावरच्या लोकांनी मोबाइलवर टिपलं. एक बाई आणि चार मुलं गेली. मी ते चित्रण एकदाच पाहिलं, पुन्हा पाहवलं नाही. शिक्षिका म्हणून एक गोष्ट मात्र मनात टिपून ठेवली. पाणी चढायला लागल्यावर त्यांच्याकडे थोडा वेळ होता. तो वेळ कशासाठी वापरायचा, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. आपल्या शाळा-कॉलेजांत हे शिकवत नाहीत, याचा मला राग येतो.

तर तो वेळ असा वापर. गेल्या गेल्या पाण्याच्या कडेला एक दगड ठेव, त्याचा वरचा भाग कोरडा असू दे. दर थोड्या वेळाने त्याच्याकडे नजर टाक. दगड भिजला की उठायचं. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, आवाज जड झाला, यातलं एक जरी जाणवलं तरी उठायचं. सामान आवरत बसायचं नाही. ओढ्याच्या मधल्या खडकावर मुळातच जायचं नाही. ज्या काठाने परतीची वाट आहे त्याच काठाला राहायचं, म्हणजे पाणी वाढलं तरी ओलांडायचं काही उरत नाही. बाहेर पडायची वेळ टळून गेलीच तर आहे त्या उंच जागी थांबण्यात शहाणपण आहे, की पाणी अजून गुडघ्याखाली असताना एकमेकींना धरून काठाला यायचं, हे पहिल्या मिनिटात ठरवावं लागतं. वेगाच्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी आलं की उभं राहणं कठीण होतं. वीतभर पाणीसुद्धा वेगाने वाहत असेल तर मोठ्या माणसाचे पाय उचलतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, हे तू भौतिकशास्त्रात शिकली आहेस, ते तिथे आठव.

पायात रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घाल. चप्पल नको. सांडव्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि चप्पल पायातून निघून वाहायला लागली की माणूस नकळत तिच्यामागे जातो. चप्पल गेली तर जाऊ दे. ओढणी घरी ठेव. बरोबर लहान मूल असेल तर त्याचं मनगट धरायचं, बोटं धरायची नाहीत. ओली बोटं निसटतात. दारू पिऊन आलेल्या टोळक्यापासून लांब बसा, त्यांच्यातला एक घसरला की चार जणांना घेऊन पडतो. पोलिसांनी दोरी लावली असेल तर दोरीच्या आत राहा. 2024 च्या त्या घटनेनंतर प्रशासनाने मनाईचे आदेश काढले होते, संध्याकाळनंतर थांबू देत नव्हते. त्यावरून शिपायाशी हुज्जत घालणारे पर्यटक मी पाहिलेत, तुम्ही तसं करू नका. त्या बिचाऱ्याला रात्री गळ टाकून बुडालेल्याला शोधायला जावं लागतं.

दिवाळीत कोल्हापूरला आलीस की पुराच्या बातम्या कशा ऐकायच्या तेही शिकवीन, पण थोडं आत्ताच. पावसाळ्यात आमच्याकडे रोज सांगतात, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी इतके फूट इतके इंच. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. त्याच्या खूप आधीच शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई असे बंधारे पाण्याखाली गेलेले असतात. बुडालेल्या बंधाऱ्यावरून दुचाकी घालणारे दरवर्षी निघतात. कठडा नसलेला तो रस्ता पाण्याखाली दिसत नाही, पाच बोटं चाक सरकलं की गाडी आणि माणूस खालच्या अंगाला, म्हणजे त्या रहाटात. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरलेल्या उंचीला गेलं की ते आपोआप उघडतात. मध्यरात्री उघडले तर मध्यरात्री. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, म्हणजे एका दरवाजाने सेकंदाला 40,000 लिटर. विसर्गाची बातमी ऐकली की हा गुणाकार करायचा.

भिंतीकडेही बघायची सवय ठेव. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि 10 ते 15 मीटरमधली काही अटींत बसणारी. त्याहून लहान बंधारे, पाझर तलाव त्या कायद्याच्या बाहेर राहतात, म्हणून तिथे गावाचे डोळेच कामाचे. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि खालची वाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच. ते स्वच्छ आहे तोवर लक्ष ठेवायचं. गढूळ झालं म्हणजे बांधातली माती आतून धुपून बाहेर येते आहे, तेव्हा एक तासही थांबायचं नाही. बांधाच्या खाली तंबू ठोकायचा नाही, डबा खायलासुद्धा बसायचं नाही.

शेवटी कुणी बुडताना दिसलं तर काय करायचं ते. आधी मोठ्याने ओरड, लोक जमव, 112 ला फोन करायला एकीला सांग. पाण्यात उडी मारायची नाही. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला गेलेला तिसरा, अशा बातम्या तू वाचतेसच. काठावर पालथी झोपून काठी, बॅगेचा पट्टा पुढे करता येतो. हाताला येईल तितकं लांबव, पण वजन काठावरच असू दे. तेही पुरत नसेल तर फेकायचं. पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला, आणि त्याला बांधलेला पंधरा मीटर नायलॉनचा दोर. एवढं सामान सहलीच्या एका पिशवीत मावतं. कॅन माणसाच्या पलीकडे टाकायचा, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. दोराला गाठी किंवा फास नको आणि तो स्वतःच्या हाताला गुंडाळायचा नाही. खाली बसून, पाय रोवून धरायचा. माणूस वाहत काठाला लागतो, ओढाताण करावी लागत नाही.

बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगायचं नाही, पोटावर दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही. पोटातलं पाणी काढायचा हा प्रकार गावोगाव अजून चालतो आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. माणूस श्वास घेतोय का ते बघ. घेत असेल तर कुशीवर वळवून ठेव. घेत नसेल तर पाठीवर झोपव, डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने दोन श्वास दे, छाती वर आली पाहिजे. मग छातीच्या मधोमध तळहाताने 30 वेळा दाब, 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने. मग पुन्हा दोन श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही, दमलीस की मैत्रिणीला बसव. 112 ला फोन झालाय ना ते मध्ये एकदा विचार. आणि शुद्धीवर येऊन तो मी बरा आहे म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात पाणी गेलेल्याला काही तासांनंतरही धाप लागू शकते.